नऊ वर्षांच्या मुलासाठी इम्प्लांट

वर विचारलंय की जन्मतः बहिरा असलेला मुलगा नऊ वर्षांचा आहे, आता कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं, श्रवणनसेला थेट विद्युत संकेत देणारं यंत्र; त्याचा एक भाग बाहेर डोक्यावर लावतात) केलं तर तो बोलेल का? यावर 'उशीर झाला' आणि 'नक्की करा' अशी दोन्ही उत्तरं आली आहेत. मला दोन्ही अपुरी वाटतात.

आधी हे विचारायला हवं, की आजवर तो श्रवणयंत्र नियमित वापरत होता का? त्यातून थोडंफार ऐकू येत असेल, शब्द कळत असतील, तर उशिराही चांगला फायदा होऊ शकतो. आवाज कधीच पोचला नसेल तर गोष्ट वेगळी. मेंदूतला ऐकण्याचा भाग रिकामा बसून राहत नाही, तो पाहण्या-स्पर्शाच्या कामाला लागतो. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा मेंदू आवाजाला बहुधा वयानुरूप प्रतिसाद देऊ लागतो, सातनंतर ते फार कठीण होतं. अशा मुलाला दाराची बेल, गाडीचा हॉर्न ऐकू येईल, ओठवाचनालाही मदत होईल, पण ऐकू येणं म्हणजे बोलणं समजणं नव्हे. हा फरक शस्त्रक्रियेआधीच घरच्यांना स्पष्ट सांगायला हवा. नाहीतर अपेक्षाभंगाचा भार त्या पोरावर पडतो.

आणि कृपा करून त्याची खुणांची भाषा बंद करू नका! विचार करायला त्याच्याकडे आज तीच भाषा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला मतही असतं. ते यंत्र रोज डोक्यावर त्यालाच लावायचंय, तेव्हा त्यालाही नीट विचारा.