विषय: आई डोंबिवलीत, जीव टांगणीला इथे

स. दे., एडिसन

नमस्कार मंडळी,

इथे न्यू जर्सीत गणपतीच्या जेवणाच्या रांगेत बऱ्याच जणांशी यावर अर्धवट बोलणं झालं, म्हणून सगळ्यांनाच विचारते.

आई ८२ वर्षांची. पावसाळ्यात बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. दिवसा ब्युरोची बाई असते, रात्री माझी धाकटी बहीण. रात्री दोन-तीनदा उठून आईला बाथरूमला न्यायचं आणि सकाळी लोकल पकडून ऑफिस गाठायचं, असं तिचं चाललंय.

हॉलमध्ये आम्ही कॅमेरा बसवलाय. इथे रात्रीचे अकरा म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. झोपायला म्हणून जाते आणि दोन वाजेपर्यंत फोनमध्ये आईला बघत बसते. परवा बाईने आईच्या चहात दोन चमचे साखर घातलेली दिसली. आईला मधुमेह आहे. मी तिथल्या तिथे फोन लावला. बाई म्हणाली, "ताई, तिकडून असं बघत बसणार असाल तर मी उद्यापासून येत नाही." बहिणीने तिची कशीबशी समजूत काढली, आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

त्यात शनिवारपासून आई संध्याकाळी भलतंच बोलते. बाबा कामावरून आले का, विचारते. बाबांना जाऊन कित्येक वर्षं झाली. बहीण म्हणते, डिमेंशिया सुरू झाला. आईला इथेच घेऊन यावं का? कुणी आणलंय?

---

क. प., प्रिन्स्टन

ताई, बाकीचं नंतर, आधी हे. मी डॉक्टर आहे, तुमच्या आईची नाही, तेव्हा हे त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारा. शनिवारी सुरू झालेला घोळ डिमेंशियाचा आहे असं धरून चालू नका. डिमेंशिया महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं सरकत येतो. दोन-चार दिवसांत माणूस बदलला तर शरीरात काहीतरी बिघडलंय असं समजून शोधायचं. रक्तातलं सोडियम, साखर (वाढलेली आणि उतरलेली, दोन्ही), लघवीची तपासणी. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप येतोच असं नाही. ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते बघा, त्याने सोडियम उतरतं. झोपेची नवी गोळी कुणी सुरू केली का? पोट साफ होतंय का? चष्मा आणि कानाचं मशीन जागेवर आहे ना? हे सगळं बहिणीला एका मेसेजमध्ये लिहून पाठवा, फोनवर निम्मं राहून जातं.

---

वि. जो., पार्सिपनी

डॉक्टरांनी लिहिलंय ते आधी करा. मी कॅमेऱ्याबद्दल आणि इथे आणण्याबद्दल लिहितो.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होता, पुण्यात, भावाकडे. भावजयीने सगळं केलं, मी सूचना केल्या. एकदा ती म्हणाली, "भावोजी, तुमच्या काळजीचं उत्तर देण्यातच माझा एक तास जातो." तेव्हापासून माझा नियम: जो तिथे आहे तो ठरवणार, मी विचारलं तरच बोलणार. आणि इथून करता येण्यासारखी कामं अंगावर घ्यायची. ती बरीच असतात. ब्युरोचे पैसे, बाईच्या सुट्टीत बदली माणूस मिळवण्यासाठी ब्युरोच्या मागे लागणं, औषधांची यादी ताजी ठेवणं, मेडिक्लेमचे कागद, डायपर घरपोच मागवणं. शिवाय आपला दिवस म्हणजे त्यांची रात्र. वडिलांना रात्री झोप येत नसे तेव्हा ते मला फोन करत. मी ऑफिसमधून बोलायचो, भाऊ झोपायचा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. भावजय तिथे जायला लागली आणि घरातलं वातावरण निवळलं. मी पाठवलेल्या कुठल्याच लेखाने ते झालं नव्हतं.

इथे आणायचं म्हणाल तर नीट विचार करा. व्हिजिटर म्हणून आणलं तर साधारण सहा महिने राहता येतं, आणि आधीपासूनच्या आजारांना व्हिजिटर विमे बहुतेक हात लावत नाहीत. तुम्ही सिटिझन असाल तर आईचं ग्रीन कार्ड होईल, पण मेडिकेअर (इथला म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) विकत घ्यायलासुद्धा इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला जानेवारीच्या बर्फात दिवसभर घरात एकटं ठेवणार का? डोंबिवलीत निदान जिन्यावर कुणीतरी हाक मारतं.

त्यापेक्षा तुम्ही जा. फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्टखाली (१९९३चा) आई-वडिलांच्या गंभीर आजारासाठी वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, सलग घेतलीच पाहिजे असं नाही. कंपनीत ५० माणसं, तुमचं एक वर्ष पूर्ण आणि त्या वर्षात १२५० तास भरलेले, एवढं लागतं. आई परदेशात असली तरी चालते. तिकडच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट कंपनीला मान्य करावं लागतं. हे एचआरला ठाऊक असेलच असं धरू नका. सासू-सासरे केंद्राच्या कायद्यात बसत नाहीत, न्यू जर्सीच्या कायद्यात बसतात.

आणि गेलात की बहिणीला घराबाहेर काढा. तिच्यासोबत आईची सेवा करायला जाऊ नका, तिच्या जागी जा.

---

ना. गो., इसेलिन

मुली, मी ७८ वर्षांचा, इथे मुलाकडे राहतो, आणि आमच्याही हॉलमध्ये तो कॅमेरा आहे. तेव्हा मी पलीकडच्या बाजूने लिहितो.

मुलगा चांगला आहे. पण त्याच्या बोलण्यात प्रश्न तीनच: गोळी घेतली का, जेवलात का, चाललात का. मी तिन्हींना "हो" म्हणतो. खरं असो नसो. परवा सुनेने विचारलं, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? १९६१चा जुलै. मी अर्धा तास बोलत होतो, आणि बोलता बोलता गुडघा आठ दिवस दुखतोय हेही सांगून गेलो. ते त्या तीन प्रश्नांत कधी निघालं नसतं.

आणि एवढ्या मेलांमध्ये आईला काय हवंय हे कुणी विचारलेलं दिसलं नाही. चहाचं म्हणाल तर साखर बाईने घातली की आईने घालायला लावली? मी पैज लावतो.

---

वि. जो., पार्सिपनी

काका, पैज तुम्ही जिंकणार. पण मधुमेहात सगळं मनासारखं सोडता येत नाही हो.

---

ना. गो., इसेलिन

८२व्या वर्षी किती सोडायचं ते तिच्या डॉक्टरांनी आणि तिने बसून ठरवावं. कॅमेऱ्याने नव्हे.

---

स. दे., एडिसन

सगळ्यांचे आभार, विशेषतः डॉक्टर तुमचे. सोडियम १२० निघालं, फारच उतरलेलं. आईला ॲडमिट केलं, ब्लडप्रेशरची गोळी बदलली, आता घरी आहे. बाबांचं विचारणं थांबलंय. विसरते पूर्वीपासूनच, त्याची तपासणी दिवाळीनंतर करायची असं बहिणीने ठरवलंय.

काका, साखर आईनेच मागितली होती. बाईने दोन दिवस नाही म्हटलं, तिसऱ्या दिवशी घातली. डॉक्टर म्हणाले, एक चमचा चालेल, बाकीचं बघू. कॅमेरा आता दाराकडे तोंड करून आहे. बाईची अट होती, बहिणीने मान्य केली, मला नंतर कळवलं.

एचआरला मेल टाकली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. डिसेंबरमध्ये जातेय, बहीण मैत्रिणींबरोबर गोकर्णला निघालीय. रात्री आईला उचलून कमोडच्या खुर्चीवर बसवायचं ते मला जमेल का, ही भीती आहे. बाई म्हणाली, शिकवीन.

आता नवं संकट: आईच्या फॅमिली पेन्शनचा हयातीचा दाखला. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणून बहिणीने जीवन प्रमाणवर (हयातीच्या दाखल्याची सरकारी ऑनलाइन सोय) चेहऱ्याने करायला घेतलं, पण ॲप आईचा चेहराच ओळखत नाही. डोळे पूर्ण उघडत नाहीत तिचे. बँकेचा माणूस घरी येऊन करतो असं ऐकलंय. कुणी करून घेतलंय का अलीकडे? फोन शाखेत करायचा की कस्टमर केअरला?