कंस कानाला ऐकू येत नाही: लोकसभेच्या प्रचारातलं सकाळचं बातमीपत्र

२०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात ४८ जागांसाठी पाच टप्प्यांत मतदान झालं: १९ आणि २६ एप्रिल, मग ७, १३ आणि २० मे. रेडिओवरचं सकाळी सात वाजल्यानंतरचं प्रादेशिक बातमीपत्र अशा दिवसांत कसं उभं राहतं, ते लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी इथे सांगावं. आठवणी नकोत, कामाची रीत हवी.

वृत्तसंपादनाच्या टेबलावरून

बातमीपत्राच्या दहा मिनिटांतून ओळख आणि दोन वेळचे ठळक मुद्दे वजा केले की साडेआठ मिनिटं उरतात. मिनिटाला साधारण ११० शब्द धरले, तर साडेनऊशेच्या आतबाहेर शब्द. एका बातमीला ५० ते ७०. यात प्रचार निम्म्यापुढे जाऊ देऊ नये. एप्रिल-मे म्हणजे पाणीटंचाईचे आणि वळवाचे दिवस, ऐकणाऱ्याला ते आधी हवं असतं.

ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून शेवटच्या मोठ्या सभेची बातमी साधारण अकरापर्यंत हातात पडते. तिच्यात वार्ताहराने ‘आज’ लिहिलेलं असतं. पहाटे ते तसंच राहिलं, की झालेली सभा व्हायची असल्यासारखी ऐकू येते. रात्रपाळीने आज, काल, उद्या हे तिन्ही शब्द शोधून तिथे वार घालावा, ‘काल’ सकाळच्या माणसाने घालावा. हे काम दोघांनी अर्धं अर्धं केलं तर हमखास चुकतं.

समतोलासाठी सेकंदांची वही ठेवा: पक्ष, नेता, किती सेकंद, बातमीचा क्रमांक. हिशोब आठवड्याचा करायचा. एका बातमीपत्रात सगळ्यांना सारखं वाटायला गेलं, की बातमीपत्राची सभांची यादी होते आणि ती कोणीच ऐकत नाही.

वृत्तवाचक

आमची खरी अडचण कंसाची. आयोगाने दिलेलं नाव कागदावर ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ असं असतं. वाचताना कंस नाहीसा होतो, आणि पुढे लगेच दुसऱ्या शिवसेनेचं वाक्य आलं की कोण काय म्हणालं ते कळत नाही. उपाय एकच: दोन्ही शिवसेनांच्या किंवा दोन्ही राष्ट्रवादींच्या बातम्या लागोपाठ ठेवू नयेत, आणि प्रत्येक वाक्यात कर्ता नावानिशी घ्यावा. ‘त्यांनी’ हे सर्वनाम निवडणुकीपुरतं कपाटात ठेवलेलं बरं.

दुसरा सापळा ‘आघाडी’. महाविकास आघाडीची आघाडी, वंचित बहुजन आघाडी आघाडीवर. वाचून बघा! मतमोजणीच्या बातमीत ‘पुढे आहेत’ आणि ‘मताधिक्य’ हे दोनच शब्द वापरावेत.

आकडे अक्षरात लिहून घ्या. सदुसष्ट-अडुसष्ट, त्रेपन्न-चोपन्न यांत पहाटे जीभ आणि डोळा दोन्ही घसरतात. ६६.१४ टक्के हे ‘सहासष्ट पूर्णांक चौदा शतांश’ असं वाचण्यापेक्षा ‘सहासष्ट टक्क्यांहून थोडं अधिक’ बरं. नेमका आकडा वर्तमानपत्रात आहेच.

शांतता काळाबद्दल, कारण चूक इथेच महागात पडते

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मधलं कलम १२६ मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांना लागू होतं; हाच शांतता काळ, यात प्रचार बंद. पण रेडिओच्या लहरींना मतदारसंघाची हद्द कळत नाही. ६ मे २०२४ ची सकाळ घ्या. बारामती, सातारा, सोलापूर, सांगली, कोल्हापूर इथला प्रचार आदल्या संध्याकाळी थांबलेला. पुणे, मावळ, शिरूर इथे मतदान १३ मेला, प्रचाराला ११ मेच्या संध्याकाळपर्यंत मुदत असल्याने सभा जोरात. बातमीपत्र मात्र एकच. पुण्यातल्या सभेची बातमी देता येते, पण त्या भाषणात शांतता काळातल्या मतदारसंघातल्या उमेदवारासाठी मत मागितलेलं असेल, आडून का होईना, तर तेवढं वाक्य गाळायचं. ध्वनिमुद्रित तुकडा असेल तर तो शेवटपर्यंत ऐकावा. अशी वाक्यं बहुधा टाळ्यांच्या आधी, शेवटच्या पाच सेकंदांत असतात.

मतदानोत्तर चाचण्यांना कलम १२६ अ. त्या वेळी बंदी १९ एप्रिलला सकाळी सातपासून १ जूनला संध्याकाळी साडेसहापर्यंत सलग होती. आपल्याकडचं मतदान २० मेला संपलं म्हणून ती आपल्यापुरती उठत नाही. मधल्या बारा दिवसांत हा घोळ डोक्यात ठेवावा लागतो.

जिल्ह्यातून आवाज पाठवणारे

सभेत फोन कर्ण्यासमोर धरू नका, आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज स्टुडिओत दुरुस्त होत नाही. भाषणानंतर नेत्याला बाजूला घेऊन, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका धरा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’ फुटतात. विमान मोड चालू करा, नाहीतर मध्येच कॉल येतो. वीस सेकंदांचा तुकडा पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात गाव, नेता, तारीख घाला. ‘नवीन १’ नावाच्या सहा फाइली पहाटे पाचला कोण उघडत बसणार?

मतदानाच्या सकाळी

मतदान सातला सुरू होतं, त्यामुळे सात वाजून पाच-दहा मिनिटांनी ‘शांततेत मतदान सुरू’ म्हणायला आधार नसतो. खात्रीने सांगता येतं ते एवढं: प्रत्यक्ष मतदानाच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, होतं, त्यात किमान ५० मतं टाकतात, निकाल पडताळतात आणि यंत्र रिकामं करतात. यंत्र बदलल्याच्या पहिल्या बातम्या याच वेळातल्या असतात. ‘यंत्रात बिघाड’ लिहिताना तो अभिरूप मतदानात सापडला की खऱ्या, हे लिहिलंच पाहिजे. दोन्हींचा अर्थ वेगळा. वेळही तपासा, गडचिरोली-चिमूरच्या काही भागांत मतदान तीनलाच संपतं.

दुसऱ्या दिवशीच्या टक्केवारीआधी ‘प्राथमिक’ हा शब्द सोडू नये. पहिल्या टप्प्याचा ६६.१४ हा देशाचा आकडा आयोगाने ३० एप्रिलला दिला, मतदानानंतर अकरा दिवसांनी. २० तारखेच्या सकाळी वाचला गेलेला आकडा साठच्या आसपास होता.