कट-ऑफ आणि टॅपची दिशा

गाडी बंद असतानाही डॅशकॅम (गाडीतला कॅमेरा) चालावा म्हणून तो फ्यूज बॉक्समधून जोडतात. तेव्हा लो-व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे बॅटरी ज्या व्होल्टेजला उतरली की कॅमेरा आपोआप बंद होतो तो आकडा, ११.८ व्होल्टला ठेवला की बॅटरीची चिंता मिटली, असं काहीजण म्हणतात. ते काही पटत नाही. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर गाडी बंद करून काही तासांनी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ ला ती जेमतेम पाव उरते, ११.८ म्हणजे रिकामीच. त्यात नाशिकची जानेवारीतली पहाट! माझा कट-ऑफ १२.२ ला आहे. गाडी गंगापूर रोडला उघड्यावरच असते. कॅमेरा उजाडायच्या आत बंद पडतो, पण सेल्फ पहिल्या झटक्यात लागतो.

कॅमेरा जोडताना एअरबॅग, एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका, असं सांगतात, त्याला अनुमोदन. पण फ्यूज टॅपला (मूळ फ्यूजच्या खाचेत बसणारा जोड; त्यात मूळ फ्यूज आणि कॅमेऱ्याचा वेगळा फ्यूज असे दोन्ही बसतात) दिशा असते हे कुणीच सांगत नाही. मूळ फ्यूज काढून खाचेतल्या कोणत्या बाजूला करंट येतो ते टेस्ट लॅम्पने बघा. टॅपची जी पाती दोन्ही फ्यूजना जोडलेली असते, ती त्या बाजूला हवी. उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो (म्हणूनच कुणाला कळत नाही), फक्त त्याचा भार मूळ फ्यूजमधूनही जातो. काळी वायर (अर्थिंगची) मात्र गाडीच्या पत्र्यावरच्या रंग नसलेल्या बोल्टलाच आवळा.