मदत हवी आहे: ऐकू न येणाऱ्या कामगारांसाठी काय काय करावं?

नमस्कार मंडळी, मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत एचआर बघते, ६०-६५ माणसं आहेत. दोन महिन्यांपूर्वी पॅकिंगला दोन मुलं घेतली, दोघांनाही ऐकू येत नाही. काम एक नंबर आहे त्यांचं, पण सकाळची शिफ्ट मीटिंग सगळी तोंडी होते, त्यामुळे त्यांना फक्त बघत उभं राहावं लागतं, आणि परवा फायर ड्रिलला सायरन वाजला तर सगळे बाहेर आणि हे दोघं आपले लाईनवरच, कुणी खूण करायलाही गेलं नाही. मला रात्रभर झोप नाही लागली ओ.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली समान संधी धोरण खाजगी कंपनीलाही करावं लागतं आणि २० किंवा जास्त माणसं असली की संपर्क अधिकारीपण (दिव्यांग कामगारांची भरती आणि सोयी बघणारा) नेमावा लागतो, एवढं मी वाचलंय. साहेब तयार आहेत. कुणाकडे अशा धोरणाचा मराठीत केलेला नमुना असेल तर द्या ना प्लीज.

दुसरं म्हणजे नाशकात सांकेतिक भाषा शिकवणारं कुणी आहे का, शनिवारी सातपूर-अंबडकडे येऊन सुपरवायझर लोकांना शिकवेल असं? साइन लर्न अ‍ॅपवरून मी थोडं शिकले पण समोर माणूस हवा.

आणि सायरनला जोडून फ्लॅश होणारा लाल लाईट कुणी बसवलाय का, साधारण खर्च किती येतो? हे सगळ्यात आधी करायचंय.

बाकी काही पोरं त्यांना 'ए मुक्या' म्हणून हाक मारतात, ते कसं थांबवलंत तुमच्याकडे तेही सांगा.