अनुभव धागा: पोरं खेळता खेळता काय शिकली?

विश्रामबागची आई: लेक चार वर्षांची, ज्युनियर केजीत. रोज दोन पानं लिहायला देतात, उभ्या रेघा आडव्या रेघा, आणि रोज संध्याकाळी आमच्याकडे रडारड. मे महिन्यात माहेरी तासगावकडं गेलो, तिथं द्राक्षाच्या रिकाम्या पेट्या पडलेल्या, त्यात पंधरा दिवस दुकान मांडलं हिनं. पानं म्हणजे नोटा. चौथ्या दिवशी माझ्या आईला म्हणते, "तीन पानं दिलीस, दोन अजून दे की." हे वहीत कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्याकडचे असे किस्से सांगा, शाळेची बाजू घेणाऱ्यांनीही लिहा.

अंगणवाडीताई, कोरेगाव तालुका: आमच्याकडं बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आधी आठवडाभर मातीचे बैल करायचंच काम. माती नीट मळली नाही तर बैलाची शिंगं गळतात, मग पोरं आपणच परत मळतात, मी काय सांगत नाही. बोटात अशी ताकद आली की मग पेन्सिल धरायला सांगावं लागत नाही. पण पालक दारात येऊन विचारतात, "ताई, शिकवता काय, नुसता चिखल?" कपडे धुवायचा राग असतो तो, मला कळतंय.

मिरजेचे आजोबा: नातवाला चल्लस आठ शिकवला, सोंगट्यांचा जुना खेळ. पाटावर खडूनं पाच बाय पाच घरं आखली. कवड्या घरात नव्हत्या म्हणून चार चिंचोके फरशीवर घासून एका बाजूनं पांढरे केले. जेवढे पांढरे तेवढी घरं, चारी पांढरे म्हणजे चल्लस, सगळे काळे पडले की आठ. पहिल्या दिवशी प्रत्येक घरावर बोट ठेवून मोजत होता, दहा दिवसांत सोंगटी उचलायच्या आधीच म्हणतो, "आजोबा, मला दोन पडले तर तुम्ही मेलात." आणि हरल्यावर पाट उधळायचा, ते आता जरा कमी झालंय. जरा.

कराडचा बाबा: सगळं खरं, पण पहिलीत बाकीची पोरं लिहितात आणि आपलंच मागं राहिलं तर? खेळ घरी होतोच की, फी आपण लिहायला भरतो.

अंगणवाडीताई, कोरेगाव तालुका: दादा, २०२० च्या शिक्षण धोरणात ३ ते ८ वय हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातूनच शिकवायचं म्हटलंय. आणि नवं तरी कुठाय, बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात हेच काम सुरू केलं, पुढं अनुताई वाघ सोबत होत्या, पोरं येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. पहिलीची भीती मात्र खोटी नाही तुमची, शाळा अजून तीच परीक्षा घेतात.

कृष्णाकाठ: जरा वेगळं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात घरात पाणी आलं, पोरगा पाच वर्षांचा, आम्ही बोटीतून निघालो. नंतर दोन-तीन महिने तो दिवाणावर बसून पूर-पूर खेळायचा. लाटणं वल्हं, चादर पाणी. आधी आजीला चढवायचा, मग म्हैस, मग कुत्रं. म्हैस खरंतर मागंच राहिली होती आमची. बायको म्हणायची थांबव त्याला, मला बघवत नाही. मी पण एकदा ओरडलो. तो म्हणला, "पप्पा, आज सगळी येत्यात." पुढं कधीतरी तो खेळ आपोआप बंद पडला, दिवाण परत नुसता दिवाण झाला, आम्हाला कळलं पण नाही कधी ते.

विश्रामबागची आई: कृष्णाकाठ, वाचून थोडा वेळ काही टाईप करता आलं नाही. ... आजोबा, कालच चिंचोके घासायला बसवलं हिला. अर्धा तास गप्प घासत होती, मला वाटलं काय ती एकाग्रता. घासून गरम झालेला चिंचोका बाबाच्या दंडाला लावला. आता बाबापण घासत बसलाय.