शब्दचर्चा : रिमोटच्या हेलिकॉप्टरमधलं ‘मिक्सिंग’

प्रश्न

रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टरच्या ट्रान्समीटरवर ‘स्वॉश मिक्स’, ‘रेव्हो मिक्स’, ‘प्रोग्रॅम मिक्स’ असं जागोजागी लिहिलेलं असतं. नव्याने शिकणाऱ्यांसाठी सेटिंगची टिपणं मराठीत लिहितो आहे. सगळीकडे ‘मिश्रण’ चालेल का? आणि ‘कलेक्टिव्ह पिच’ला ‘सामूहिक पिच’ म्हणावं का?

प्रतिसाद

‘मिश्रण’ नको. त्याने दोन पदार्थ कालवल्याचं चित्र उभं राहतं आणि नेमकं काय चाललंय ते कळतच नाही. मुळात या एका शब्दाखाली दोन निराळी कामं चालतात, ती आधी सुटी करू.

पहिलं स्वॉश मिक्स. १२० अंशांच्या रचनेत स्वॉशप्लेट, म्हणजे मुख्य रोटरच्या पात्यांचा कोन बदलणारी तबकडी, तीन सर्व्होंनी (आज्ञेप्रमाणे दांडा हलवणाऱ्या छोट्या मोटरींनी) तोललेली असते. पिच, म्हणजे पात्यांचा कोन, वाढवली की तिन्ही सारखेच सरकतात. डावीउजवीकडे कलायचं तर बाजूचे दोघे एकमेकांच्या उलट जातात, एलिव्हेटरचा (पुढेमागे झुकवण्याच्या आज्ञेचा) सर्व्हो जागेवर राहतो. पुढेमागे झुकायचं तर एलिव्हेटरचा सर्व्हो जितका हलतो त्याच्या निम्मे बाकीचे दोघे उलट दिशेला हलतात, त्यामुळे प्लेट कलते पण तिचा मध्य वरखाली होत नाही. स्टिकची एक आज्ञा तिघांत वाटली जाते, म्हणून याला ‘वाटणी’ म्हणावं. जुन्या यांत्रिक रचनेत हेच काम दांडे आणि तरफा करत. तिथे प्रत्येक सर्व्होकडे एकच काम असे.

रेव्होचं काम वेगळं. पिच वाढली की मुख्य रोटर फिरवायला जास्त जोर लागतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने बॉडी उलट दिशेला वळू पाहते. वरून पाहताना रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर नाक डावीकडे जातं. ते वळण्याआधीच टेल रोटरची पिच बदलून ठेवायची, हे रेव्हो मिक्स. यात वाटणी कसलीच नाही. ही आगाऊ ‘भरपाई’ आहे.

प्रतिसाद

‘भरपाई’ फारच योग्य शब्द आहे, कारण पुढचा नियम त्यातूनच कळतो. हेडिंग होल्ड जायरो, म्हणजे नाकाची दिशा स्वतःच धरून ठेवणारं उपकरण, असेल तर रेव्हो शून्यावर ठेवायचं. त्या मोडमध्ये जायरो रडर स्टिककडून (नाक डावीउजवीकडे वळवणाऱ्या) येणारा प्रत्येक आकडा ‘इतक्या वेगाने वळ’ असा वाचतो. रेव्होने भर घातली की त्याला ती वळण्याची आज्ञाच वाटते, आणि पिच दिली की हेलिकॉप्टर आपोआप फिरू लागतं. भरपाई जायरो स्वतः करतोच आहे, तिथे दुसरी कशाला?

वाटणीचंही तसंच. फ्लायबारलेस कंट्रोलर (रोटरवरच्या तोल सांभाळणाऱ्या दांड्याऐवजी बसवलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण) ही वाटणी स्वतः करतो, म्हणून ट्रान्समीटरमध्ये स्वॉशचा प्रकार ‘एक सर्व्हो’ किंवा ‘नॉर्मल’ ठेवावा लागतो. तिथे १२० अंश निवडले तर वाटणी दोनदा होते आणि पिचची स्टिक हलवली तरी प्लेट कलते.

प्रश्नकर्ता

फार मोलाचं सांगितलंत. स्वॉश मिक्समध्ये आकड्याआधी उणे चिन्ह येतं, ते सर्व्हो रिव्हर्सच का?

प्रतिसाद

नाही, आणि टिपणांत हे ठळक लिहाच. मोटरच्या तारा सोडवून ठेवा आणि फक्त पिचची स्टिक हलवा. एखादा सर्व्हो बाकीच्या दोघांच्या उलट जात असेल तर त्या सर्व्होला रिव्हर्स करा. तिन्ही एकत्र हलू लागले, पण सगळेच चुकीच्या दिशेने, तर स्वॉश मिक्समध्ये पिचच्या आकड्याचं चिन्ह बदला. पुढे एलेरॉन (डावीउजवीकडे कलणं) किंवा एलिव्हेटर उलटं वाटलं तरी बदल चिन्हातच. एकच सर्व्हो रिव्हर्स केलात तर नीट बसलेली पिच पुन्हा बिघडेल. रिव्हर्स सर्व्होपुरतं, चिन्ह त्या आज्ञेपुरतं. आकडा वाढवला तर त्या आज्ञेची हालचाल वाढते. सुरुवातीला तो साधारण ५० किंवा ६० टक्के असतो.

प्रतिसाद

‘सामूहिक’बद्दल: अर्थ चूक नाही, पण हा शब्द सभासमारंभातला. सगळ्या पात्यांचा कोन एकदम सारखाच बदलतो, म्हणून ‘सरसकट पिच’ म्हणा. सायक्लिकमध्ये पात्याचा कोन प्रत्येक फेरीत कमीजास्त होत राहतो, त्याला ‘फेरीगणिक पिच’. प्रोग्रॅम मिक्सला मात्र मराठी नाव शोधू नका. त्यात कुठलेही दोन चॅनेल जोडता येतात, वाटणीसाठी किंवा भरपाईसाठी, म्हणून तिथे ‘मिक्स’च राहू द्या.