मदत हवी आहे : 'कोंत्रातिएम्पो'च्या शेवटचं रेकॉर्डिंग कोर्टात टिकेल का? (रहस्यभेद आहे!)

मंडळी, काल रात्री आईबरोबर दिग्दर्शक ओरिओल पाउलोचा 'कोंत्रातिएम्पो' (२०१६) हा स्पॅनिश सिनेमा पाहिला. याच्यावरूनच केलेला हिंदी 'बदला' आम्ही दोघींनी आधी पाहिलेला. त्यात वेषांतर बाप करतो, इथे आई, एवढा फरक माहीत होता. शेवट ठाऊक असल्यामुळे सगळं लक्ष सांध्यांवर गेलं आणि तिथेच गाडी अडली. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

आठवण म्हणून : आतून बंद असलेली हॉटेलची खोली, लॉराचं प्रेत आणि शेजारी जिवंत सापडलेला तिचा प्रियकर आद्रियान. बडा उद्योजक. व्हर्जिनिया गुडमन ही नामांकित वकीलबाई त्याची साक्षीची तयारी करून घ्यायला येते, घड्याळ लावून बसते आणि तीन तासांत त्याच्याकडून सगळं काढून घेते. डोंगरातल्या रस्त्यावरचा अपघात, त्यात सापडलेला डॅनिएल, तळ्यात ढकललेली त्याची गाडी. नकाशावर तळ्याची जागासुद्धा तो खूण करून देतो. वर हेही कबूल करतो की गाडी बुडवली तेव्हा पोरगं जिवंत होतं. मग बाई जरा जाऊन येते म्हणून उठते, थोड्या वेळाने बेल वाजते आणि दारात खरी गुडमन! आधीची होती डॅनिएलची आई एल्वीरा. समोरच्या इमारतीत नवरा तोमास पेनातल्या यंत्रावरून सगळं ऐकत आणि टेप करत बसलेला.

माझे प्रश्न :
१) वकील असल्याचं सोंग करून मिळवलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो? आई म्हणते, "पहिल्याच तारखेला उडेल."
२) खरी गुडमन कधी येणार हे या दोघांना कळलं कसं? हे सिनेमात येऊन गेलं आणि मी तेव्हा चहा टाकायला उठले होते का?
३) एवढा हुशार माणूस तिला ओळखत कसा नाही?

प्रतिसाद (कोपऱ्यातली खुर्ची)
तिसरं सोपं आहे. बंद पडलेली गाडी घेऊन तोमासबरोबर त्याच्या घरी जाते ती लॉरा. आद्रियान तेव्हा डॅनिएलची गाडी बुडवायला गेलेला. एल्वीराशी गप्पा लॉराने मारल्या, त्याने नाही. शिवाय मेकअप. (मला तो मुखवटा जरा जास्तच झाला असं वाटलं, पण आना वागेनेरने त्यात जे काम केलंय, त्यापुढे सगळं माफ.)

प्रतिसाद (तालुका वकील)
स्पेनचा कायदा माझा रोजचा नाही, पण यावर तिथल्या घटनात्मक न्यायालयाचा १९८४ चा एक गाजलेला निकाल आहे, क्रमांक ११४. दोघांच्या बोलण्यातल्या एकाने ते टेप केलं तर संभाषणाच्या गुप्ततेचा भंग होत नाही. तिऱ्हाइताने चोरून टेप केलं तर होतो. एल्वीरा स्वतः समोर बसून बोलत होती, म्हणजे या मुद्द्यावर ती सुटते. पोलिसांनी पाठवली असती तर गोष्ट वेगळी.
खरी अडचण सोंगाची. बचावाचा वकील म्हणणार, अशील आपल्या वकिलाशी बोलतोय असं समजून बोलला, त्याच्या बचावाच्या हक्कालाच हात घातला. मूलभूत हक्क मोडून, थेट किंवा आडमार्गाने, मिळवलेला पुरावा चालत नाही असं तिथल्या १९८५ च्या न्यायसंस्था कायद्याचं कलम ११ सांगतं. म्हणजे तळ्यातली गाडीही वादात येऊ शकते. तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा.

प्रतिसाद (कोपऱ्यातली खुर्ची)
पण त्या दोघांना कोर्ट हवं होतं असं कुणी सांगितलं? आपल्या पोराने बँकेतले पैसे लाटले आणि पळाला, असं सगळं जग म्हणतंय. प्रेतही नाही. ते तीन तास सगळे त्या नकाशावरच्या एका खुणेसाठी आहेत. तो दृश्यक्रम परत पाहा, तिचा आवाज नेमका तिथेच बदलतो.

धागाकर्ती
पाहिला. खरंच बदलतो. आईने रिमोट काढून घेतला आणि तेवढा भाग तीनदा लावला, एक शब्द बोलली नाही. कोर्टाचा विषय तिने सोडला.
पण दोन नंबरचा प्रश्न कुणीच घेतला नाही, हां.